पंधरा दिवसांत सगळ्या सरांबद्दल मत पक्कं झालंय, आता कॉलेज बदलू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत): लातूर जिल्ह्यातल्या एका गावातला मुलगा. अकरावी-बारावी लातूरला क्लास लावून केली, नीटला हवा तेवढा स्कोअर आला नाही, रिपीट नको म्हणून पुण्यात बीएस्सीला ॲडमिशन घेतली. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी हे विषय. कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस झालेत. तो लिहितो, "ताई, केमिस्ट्रीचे सर फळ्याकडे तोंड करून एका सुरात इंग्लिशमध्ये बोलतात, काही कळत नाही. बॉटनीच्या मॅडम शिकवतच नाहीत, झाडाचं एक पान हातात दिलं आणि चौघाचौघांचे ग्रुप करून 'बघा आणि सांगा' म्हणाल्या, अख्खा तास गेला. पर्यावरणाच्या पेपरला एक तरुण सर आहेत, बेल झाली की पळतात, डाउट विचारायला थांबतच नाहीत. इंग्लिशच्या सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्यावरून 'कुठून आलात, लातूरकडून का' असं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. फक्त झूलॉजीच्या मॅडम भारी आहेत, हसवतात, नोट्स पण देतात. सीनियर म्हणतात इथे कोणी शिकवत नाही, यूट्यूबवर बघ. मी चुकीच्या कॉलेजात आलोय का? ॲडमिशन कॅन्सल करू का? घरी मस्त चाललंय असं सांगतोय."

तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तू वर्गात झोपत नाहीस. कोण कसं उभं राहतं, कोण कधी निघून जातं हे सगळं तू टिपलंयस, आणि जो मुलगा इतकं बघतो त्याला शिकायचंय हे उघड आहे. त्यामुळे तुला "ॲडजस्ट हो" एवढं सांगून मी मोकळी होणार नाही. पण तू जे बघितलंयस आणि त्यावरून जे ठरवलंयस यात मोठं अंतर आहे, त्याबद्दल बोलू.

आधी साधा हिशोब कर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पद्धतीप्रमाणे थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर असेल तर 30 तास. पंधरा दिवसांत एका पेपरचे तुझे फार तर चार तास झाले असतील, त्यातला पहिला नाव-गाव आणि सिलॅबस सांगण्यात गेलेला असणार, एखाद्या तासाला निम्मी पोरं ॲडमिशनच्या रांगेत असणार. म्हणजे तीन तास धर. मृगाच्या पहिल्या सरीवरून वर्षाचं पीक कुणी सांगत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगू.

आता तू म्हणशील, पण पहिल्या दिवशी जे वाटतं तेच शेवटपर्यंत वाटतं ना? खरंय, आणि यावर एक प्रसिद्ध अभ्यासही झालाय. मूळची भारतातली मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी 1993 साली तो छापला. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या काही जणांचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, तेही आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले आणि मार्क द्यायला सांगितले. सबंध टर्म त्यांच्या वर्गात बसलेल्या पोरांनी शेवटी जे रेटिंग दिलं होतं त्याच्याशी हे मार्क बरेच जुळले! अर्ध्या मिनिटात, एक शब्द न ऐकता. म्हणजे तुझं पंधरा दिवसांतलं मत टर्म संपेपर्यंत तसंच राहील अशी शक्यता चांगलीच आहे. पण इथे काय जुळलं ते बघ. अनोळखी लोकांचं "वाटणं" हे वर्गातल्या पोरांच्या "वाटण्याशी" जुळलं. पोरं किती शिकली हे त्यात कुणी मोजलंच नव्हतं. तुझ्या पत्रात पण तेच झालंय, कोण आवडलं आणि कोण नाही हे नीट आलंय, त्या त्या तासाला तुला नवीन काय कळलं हे एकाही सरांबद्दल लिहिलेलं नाही.

बॉटनीच्या मॅडमबद्दल तू सगळ्यात जास्त चिडून लिहिलंयस म्हणून त्यांच्यापासून सुरू करते. पान कुठलं होतं ते तू लिहिलं नाहीस, पण "लांब, जाड, चामड्यासारखं" म्हणालास त्यावरून मला ते कण्हेरीचं वाटतंय (तसं असेल तर हात धुवायला सांगितलंच असेल, कण्हेर विषारी असते). आता ते पान परत आठव. वरून चकचकीत, कारण वर मेणचट जाड थर. ब्लेडने पातळ आडवा काप घेऊन मायक्रोस्कोपखाली धरलास तर खालच्या बाजूला छोटे छोटे खड्डे दिसतील, आणि पानाची श्वास घ्यायची छिद्रं, म्हणजे स्टोमॅटा, उघड्यावर न राहता त्या खड्ड्यांच्या आत लपलेले, आणि खड्ड्यात बारीक लव. का बरं? पाणी उडून जाऊ नये म्हणून. हायवेच्या दुभाजकात एप्रिल-मेच्या उन्हात जे झाड फुलतं ते कशाच्या जोरावर, याचं उत्तर त्या पानात आहे. मॅडमनी हे तुला पाच मिनिटांत डिक्टेट केलं असतं तर तू लिहून घेतलं असतंस, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला असतास. त्यांना तू आधी बघायला हवा आहेस. लातूरच्या क्लासमध्ये तुला उत्तर आधी मिळायचं, चार पर्यायांतलं एक, आणि वेळ वाचवायला शॉर्ट ट्रिक. ते त्या परीक्षेसाठी बरोबरच होतं, त्या सरांना मी नावं ठेवत नाही, त्यांचं कामच वेगळं होतं. पण ती मोजपट्टी इथे आणून लावलीस तर नीट शिकवणारी मॅडम सुद्धा "शिकवतच नाही" अशीच दिसणार.

यावरही हार्वर्डमधलाच एक अभ्यास आहे, 2019 चा, फिजिक्सच्या वर्गातला. काही पोरांना उत्तम, गुळगुळीत लेक्चर दिलं, काहींना तोच भाग ग्रुप करून स्वतः सोडवायला लावला, नंतर गट उलटे केले. टेस्ट घेतली तर स्वतः झगडलेल्यांना जास्त आलं. पण "तुम्ही किती शिकलात असं वाटतं" विचारल्यावर लेक्चर ऐकलेली पोरं म्हणाली आम्ही जास्त शिकलो! डोकं चालवताना दमछाक होते आणि त्या दमछाकीला आपण "काही कळत नाहीये" असं समजतो. तुला त्या तासानंतर जी चिडचिड झाली ती बहुतेक हीच. बहुतेक म्हणते, कारण मॅडमनी तास संपताना पोरांची उत्तरं गोळा करून काही बांधून दिलं का ते तू लिहिलं नाहीस. दिलं असेल तर तुला चांगल्या शिक्षिका मिळाल्यात. नुसतंच पान देऊन त्या मोबाईल बघत बसल्या असतील तर तुझी तक्रार खरी आहे. पुढच्या तासाला हे बघ.

झूलॉजीच्या मॅडम आवडल्या, फार छान, एक तरी तास असा असावाच की ज्याच्यासाठी सकाळी उठावंसं वाटेल. फक्त त्यांच्या नोट्सवर पूर्ण विसंबू नकोस. अमेरिकेत कोलोरॅडोला एअर फोर्सची अकॅडमी आहे, तिथे पोरांना कुठल्या सरांचा वर्ग मिळेल हे निवडता येत नाही आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते, म्हणून तिथली बरीच वर्षांची माहिती दोन अर्थतज्ज्ञांनी तपासली आणि 2010 मध्ये छापली. ज्यांच्या हाताखाली पहिल्या कोर्सला मार्क बरे पडायचे आणि ज्यांना पोरं रेटिंग पण चांगलं द्यायची, त्यांचीच पोरं पुढच्या, वरच्या कोर्सला सरासरीने मागे पडत होती. याचा अर्थ आवडते सर वाईट असा अजिबात काढू नकोस. पण तास मजेत जाणं आणि पाया पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा आवडत्या विषयाचं पुस्तक आधी उघड. रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाचा एक मुद्दा वही बंद करून कागदावर लिहून बघ, जमलं तर झूलॉजी चांगली चाललीये, नाही जमलं तर मजा चाललीये.

केमिस्ट्रीच्या सरांचं वेगळं आहे. फळ्याकडे तोंड करून एका सुरात बोलणं हे वाईट शिकवणंच आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण मी वर्षानुवर्षं एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पोरांबरोबर काढलीत आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिलीये, सव्वाशे पोरांपुढे बोबडी वळणारा माणूस लॅबमध्ये वीस पोरांच्या बॅचसमोर वेगळाच असतो. तुझं प्रॅक्टिकल अजून सुरू झालेलं नाही असं लिहिलंयस. सुरू झालं की टायट्रेशनला बघ. ब्युरेट भरल्यावर खाली नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहतो, तो काढला नाही तर पहिलं रीडिंगच चुकतं, आणि सगळी पोरं हे चुकतात. रीडिंग घेताना वरून वाकून बघतात, डोळे द्रवाच्या पातळीला आणत नाहीत. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग जेमतेम फिक्कट गुलाबी यायला हवा तर पोरं गडद राणी कलर करून ठेवतात. सर त्या वेळी काय करतात बघ. तुझ्या शेजारी वाकून "आता एकेक थेंब सोड" म्हणत उभे राहतात, की टेबलाशी बसून जर्नलवर सह्या मारतात? माझ्या मते सायन्सच्या प्रोफेसरची परीक्षा तिथे होते, वर्गात नाही.

आणि त्यांच्या इंग्लिशचं म्हणशील तर तो तुझ्यातला दोष पण नाही आणि त्यांचा पण नाही, दोघांच्या मधला खड्डा आहे आणि तो तुला भरता येतो. तुला इंग्लिश वाचता येतं, सेमी इंग्लिशला होतास असं लिहिलंयस, अडतं ते ऐकताना, कारण नवीन कन्सेप्ट आणि भरभर बोललेला नवीन शब्द एकाच वेळी कानावर पडतात. मग शब्द तरी आधी ओळखीचे करून घे. आदल्या रात्री पुढच्या टॉपिकची फक्त दोन-तीन पानं वाच, समजलं नाही तरी चालेल, ऑर्बिटल, हायब्रिडायझेशन असे शब्द एकदा डोळ्याखालून गेले की दुसऱ्या दिवशी कानाला ते आपोआप सापडतात. महिनाभर नेटाने कर. आणि डाउट मराठीत विचार, बिनधास्त. पुण्यातल्या कॉलेजांत शिकवणारे कितीतरी जण बीड, परभणी, सांगली, नगरच्या खेड्यांतून आलेत, स्टाफरूममध्ये ते मराठीतच बोलत असतात. "सर, कालचं हे इथपर्यंत कळलं, इथून पुढे कळलं नाही" असं वहीतलं बोट ठेवून विचारलंस तर "काहीच कळलं नाही" म्हणण्यापेक्षा दसपट चांगलं उत्तर मिळेल, कारण कुठून सुरू करायचं ते त्यांनाही कळतं.

बेल झाली की पळणारे तरुण सर... त्यांच्याबद्दल मला वाटतंय की ते सीएचबीवर असावेत, म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. मला खात्री नाही, पण महाराष्ट्रातल्या सीनियर कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत, वर्षानुवर्षं, आणि त्यावर नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं तासावर काम करतात, बिल कधी निघेल त्याचा पत्ता नसतो. एकाच कॉलेजात पोट भरेल एवढे तास मिळत नाहीत म्हणून सकाळी इथे, दुपारी दुसऱ्या कॉलेजला, मधे टू-व्हीलरवरून ट्रॅफिकमधून. त्यांचं पळणं तुला "इंटरेस्ट नाही" असं दिसलं, ते "पुढचा तास गाठायचाय" असं असू शकतं. म्हणून तुझे डाउट हवेत सोडायचे असं नाही. दारात गाठ आणि विचार, "सर, तुम्हाला कधी भेटू? व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवला तर चालेल का?" बरेच जण आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांना विचारायला कोणी येतच नाही. ही परिस्थिती बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, शिकवणाऱ्यालाच उद्याची खात्री नाही तिथे पोरांचं नुकसान होतंच, आणि याचा मला मनापासून राग आहे. पण तो राग त्या सरांवर निघू नये.

इंग्लिशच्या सरांचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. तुझ्या बोलीवरून वर्गाला हसवणं हे चूक आहे, आणि तुला लागलं हे बरोबर आहे, "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. एकदाच झालं असेल तर कदाचित त्यांना नुसतं कुठून आलास तेवढंच विचारायचं असेल आणि वर्ग हसला, कदाचित मुद्दाम केलं असेल, एका प्रसंगावरून मला ठरवता येत नाही. तारीख आणि शब्द जसेच्या तसे मोबाईलमध्ये लिहून ठेव. परत झालं तर तुझ्या मेंटॉर टीचरला सांग (बहुतेक कॉलेजांत एफवायच्या पोरांना मेंटॉर नेमलेले असतात, नोटीस बोर्डवर यादी बघ), तिथे दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक कॉलेजला ठेवावीच लागते आणि त्याच्या वर विद्यापीठाच्या पातळीवर लोकपाल असतो. जातीवरून कोणी बोललं तर त्यासाठी वेगळा कक्ष आहे. हेच सीनियर पोरांकडून होत असेल तर ते रॅगिंगमध्ये येतं, 1800-180-5522 हा अँटी-रॅगिंगचा नंबर चोवीस तास चालू असतो. हे वाचणाऱ्या मुलींना सांगते, एखाद्या सरांच्या नजरेबद्दल, हात लावण्याबद्दल, रात्रीच्या मेसेजबद्दल पहिल्या दिवशी जे खटकलं ते खटकलंच, तिथे वाट बघायची नाही, कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती त्याचसाठी आहे. आणि "माझ्या क्लासला ये, मग इंटर्नलचं बघू" असं कोणी सुचवलं तर तिथेही थांबायचं नाही. बाकी सगळ्या बाबतीत मी तुला महिना-दीड महिना थांब म्हणतेय, या बाबतीत नाही.

सीनियर काय म्हणतात त्याचंही थोडं. त्यांना "कोण चांगलं शिकवतं" असं विचारलंस की उत्तर येतं कोण अटेंडन्स घेत नाही आणि कोण इंटर्नलला सढळ हाताने मार्क देतं. प्रश्न बदल. "या सरांच्या पेपरला तुम्ही कुठलं पुस्तक वापरलं?", "एस.वाय.ला गेल्यावर एफवायचं काय कमी पडलं?" असं विचार, आणि कट्ट्यावरच्यांपेक्षा लायब्ररीत बसणाऱ्यांना विचार.

ॲडमिशन कॅन्सल करण्याबद्दल. मला विचारशील तर आज नाही. पण तो पर्याय खुला ठेवायचा असेल तर डोळे उघडे ठेवून ठेव. प्रवेशाची शेवटची तारीख जशी जवळ येते आणि उलटते तशी परत मिळणारी फी कमी कमी होत जाते, यंदाच्या तारखा आणि टक्के ऑफिसच्या खिडकीवर जाऊन लेखी विचारून घे, मित्राच्या भरवशावर राहू नकोस. आणि दुसरं कॉलेज म्हणजे तिथे फळ्याकडे तोंड करून बोलणारे सर नसतील असं थोडंच आहे? विषयच नको झालाय का, हा प्रश्न वेगळा, आणि पत्रात मला तो दिसला नाही, उलट त्या पानाचं वर्णन तू चांगलं चार ओळी केलंयस. नवीन शैक्षणिक धोरणात बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच असतात आणि मेजर कुठला घ्यायचा ते दुसऱ्या वर्षी ठरवतात, तुझ्या कॉलेजात कसं आहे ते प्रॉस्पेक्टसमध्ये बघ. तसं असेल तर तुझ्याकडे अख्खं वर्ष आहे, सरांवरून नाही तर विषयावरून ठरवायला. आणि क्रेडिट्स एबीसीच्या (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा होतात, त्यामुळे एक सेमिस्टर पूर्ण करून कॉलेज बदललंस तरी ते सहसा वाया जात नाही. तो आयडी काढला नसशील तर याच आठवड्यात काढ.

तोवर एक काम कर. वहीच्या मागच्या पानावर पाच पेपरची पाच नावं लिही आणि रोज त्या त्या तासानंतर एकच ओळ, आज काय नवीन कळलं. सर कसे होते हे लिहायचं नाही, फक्त काय कळलं. पहिली इंटर्नल होईपर्यंत. ज्या पेपरपुढे सलग रिकाम्या ओळी दिसतील तिथे यूट्यूब बघ, सीनियरची वही माग, लायब्ररीतून दुसरं पुस्तक काढ, एचओडींना (विभागप्रमुखांना) जाऊन भेट, आणि चार-पाच जण मिळून गेलात तर जास्त बरं, एकट्याची कुरकुर वाटते, पाच जणांची अडचण होते. लेक्चर बंक मात्र करू नकोस, 75 टक्क्यांच्या खाली गेलास की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं आणि मग सगळी ताकद प्रिन्सिपलसमोर अर्ज घेऊन उभं राहण्यात जाते.

आणि घरी "मस्त चाललंय" म्हणून सांगतोयस ते थांबव. वडिलांना कॉलेजमधलं काही कळत नाही असं तुला वाटत असेल, पण नवीन जागी पोरगं बावरलंय हे त्यांना कळण्यासारखं आहे. नीटचा निकाल लागल्यावर "आता यांना अजून टेन्शन नको" असं तू मनाशी ठरवलंयस असं मला पत्राच्या शेवटच्या ओळीवरून वाटलं. त्यांना एवढंच सांग की दोन विषय जड जातायत, एक सर खोचक बोलले, एक मॅडम आवडल्या, मी महिनाभर बघून मग ठरवणार आहे. खोटं "मस्त" सांगत राहिलास तर उद्या खरंच कॉलेज बदलायची वेळ आली तेव्हा त्यांना ते अचानक वाटेल आणि तुलाच समजावता समजावता नाकी नऊ येतील.

पहिली इंटर्नल झाली की मला परत लिही. वहीतल्या त्या ओळींतून काय निघालं ते कळव, आणि कुठल्या सरांबद्दल मत बदललं, कुणाबद्दल तसंच राहिलं, दोन्ही सांग. इंग्लिशच्या तासाला परत काही झालं तर मात्र इंटर्नलची वाट बघू नकोस, त्याच दिवशी मेंटॉरकडे जा.